सिम्पसन्स, द

अमेरिकन उपनगरातल्या एका निम्न मध्यमवर्गीय कुटुंबाची टर उडवणारी ॲनिमेशन मालिका. फॉक्स वाहिनीवर १७ डिसेंबर १९८९ रोजी सुरू झाली आणि अजून चालू आहे. अणुवीज केंद्रात सुरक्षा निरीक्षक असलेला, कामावर हमखास डुलक्या काढणारा होमर. घर सांभाळणारी, निळ्या उंच अंबाड्याची मार्ज. १० वर्षांचा वांड बार्ट. ८ वर्षांची हुशार, सॅक्सोफोन वाजवणारी लीसा आणि तोंडातली चोखणी न सोडणारी तान्ही मॅगी अशी ही पाच माणसे. सगळ्यांचा रंग पिवळा आणि हाताला बोटे चारच.

‘उपनगर’ म्हटले की मराठी वाचकाला मुलुंड-बोरिवली, लोकल आणि सोसायटीची मीटिंग आठवते. अमेरिकन उपनगर ही वेगळी चीज आहे. सुटी घरे, पुढे कापलेली हिरवळ, बाजूला मोटारीचे गॅरेज, कुंपणापलीकडे शेजारी आणि चालत जाता येईल असे जवळपास काहीच नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अशा वस्त्या वाढल्या आणि टीव्हीने त्यांना सुखी संसाराचा नमुना करून टाकले. ‘फादर नोज बेस्ट’ (१९५४–६०) या मालिकेत बाप समजूतदार होता, आई हसतमुख होती आणि पोरांची भांडणे अर्ध्या तासात मिटत होती. त्या मालिकेचे गाव स्प्रिंगफील्ड. सिम्पसन्सचे गावही स्प्रिंगफील्डच, पण इथला बाप कधीच शहाणपणाचा धनी नसतो. हे गाव नेमके कोणत्या राज्यात आहे, हे मालिका मुद्दाम सांगत नाही.

निर्माता मॅट ग्रेनिंग हा ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंडचा व्यंगचित्रकार. निर्माते जेम्स ब्रुक्स यांनी त्याला बोलावले, ते त्याच्या छापील व्यंगचित्रमालिकेवरून काही करावे म्हणून. पण त्या पात्रांवरचा हक्क जाईल या धास्तीने त्याने भेटीआधी बाहेर बसल्या बसल्या एक नवेच कुटुंब कागदावर उतरवले. आई-वडील आणि दोन बहिणी यांची नावे घरचीच घेतली, रस्त्याचे नाव लहानपणच्या गल्लीचे. स्वतःच्या नावाऐवजी मात्र ‘बार्ट’ घातले. त्या इंग्रजी अक्षरांची उलटापालट केली की ‘ब्रॅट’ म्हणजे द्वाड कार्टे होते. १९८७ पासून ‘द ट्रेसी अलमन शो’ या विनोदी कार्यक्रमात ही मंडळी मिनिट-दोन मिनिटांच्या तुकड्यांत दिसू लागली. अर्ध्या तासाच्या मालिकेला आकार देण्यात लेखक-निर्माते सॅम सायमन यांचा वाटा मोठा.

मालिकेची गोडी कशात आहे, ते पहिल्याच भागात दिसते. नाताळ जवळ आलेला आहे. होमरचा बोनस रद्द होतो. मार्जने बरणीत साठवलेले पैसे बार्टने गोंदवून घेतलेली नक्षी काढून टाकण्यात जातात. घरी सांगायची लाज वाटते म्हणून होमर गुपचूप मॉलमध्ये सांताक्लॉज होऊन पोरांना मांडीवर घेतो. शेवटी चेक हातात पडतो तो १३ डॉलरचा. प्रशिक्षणाचा खर्च, पोशाखाची किंमत, इतकेच काय, दाढीचे भाडेसुद्धा त्यातून कापून घेतलेले असते. उरलेले पैसे तो कुत्र्यांच्या शर्यतीवर लावतो. कुत्रा शेवटचा येतो, मालक त्याला हाकलून देतो आणि तोच कुत्रा नाताळची भेट म्हणून घरी येतो. हे सगळे हसत हसत घडते. पण त्या चेकवरची वजावट लिहिणाऱ्याला पगाराची चिठ्ठी ठाऊक होती, एवढे नक्की.

या मालिकेत माया फुकट मिळत नाही. तिची किंमत कुणीतरी नोकरीवर जाऊन भरत असते. जानेवारी १९९५ मधल्या एका भागात हे सर्वांत नेमके उतरले आहे. अल्बममध्ये मॅगीचा एकही फोटो का नाही, असे मुले विचारतात. होमर सांगतो : कर्ज फिटल्यावर त्याने वीज केंद्राला रामराम ठोकला होता आणि बोलिंगच्या अड्ड्यावर आवडीची नोकरी धरली होती. मग मार्जला तिसऱ्यांदा दिवस गेले. त्या पगारात भागेना, तेव्हा त्याला जुन्या मालकाच्या, मिस्टर बर्न्सच्या दारी रांगत जावे लागले. बर्न्सने त्याच्या टेबलासमोर पाटी ठोकली : ‘विसरू नकोस, तू इथे कायमचा आहेस.’ मॅगीचे सगळे फोटो होमरने त्या पाटीवर चिकटवले आहेत, नेमकी काही अक्षरे झाकतील असे. उरलेले वाचले की होते : ‘तिच्यासाठी कर.’

घराबाहेर मात्र मालिका कुणाचीच गय करत नाही. लाच खाणारा महापौर, डोनटवर जगणारा पोलीसप्रमुख, मुलांपेक्षा पेन्शनकडे डोळे लावलेले शिक्षक, स्वतःच कंटाळलेला पाद्री. ज्या फॉक्स वाहिनीवर हे दिसते तिलाही टोमणे बसतात. १९९० मध्ये वाहिनीने ही मालिका ‘द कॉस्बी शो’ या लोकप्रिय कौटुंबिक मालिकेच्या वेळेला आणून बसवली, तिकडे डॉक्टर बाप आणि वकील आई, इकडे होमर. बार्टच्या ‘नापास, आणि त्याचा अभिमान’ अशा अर्थाच्या टी-शर्टांवर काही शाळांनी बंदी घातली. जानेवारी १९९२ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांनी भाषणात सांगितले की अमेरिकन कुटुंबे सिम्पसन्ससारखी कमी आणि ‘वॉल्टन्स’सारखी जास्त व्हायला हवीत. वॉल्टन्स हे १९३० च्या महामंदीतल्या कुटुंबावरच्या मालिकेतले. मालिकेने काही दिवसांतच बार्टच्या तोंडी उत्तर घातले : आम्ही वॉल्टन्ससारखेच आहोत, आम्हीही मंदी संपावी म्हणून प्रार्थना करतोय.

इतर विनोदी मालिकांत तेव्हा पाठीमागे प्रेक्षकांचा ध्वनिमुद्रित हशा भरलेला असे. इथे तो नाही. त्यामुळे हसण्यासाठी थांबावे लागत नाही. एक विनोद पुढे चालू असतो, दुसरा मागच्या दुकानाच्या पाटीवर. व्हिडिओ कॅसेट थांबवून पाट्या वाचणारा प्रेक्षक या मालिकेने तयार केला. होमरचा ‘डोह!’ हा उद्गार संहितेत नुसता ‘वैतागल्याचा हुंकार’ म्हणून येतो. आवाज देणाऱ्या डॅन कॅस्टेलानेटा यांनी तो लॉरेल-हार्डीच्या चित्रपटांतल्या जेम्स फिनलेसन या नटावरून घेतला आणि २००१ मध्ये ऑक्सफर्ड शब्दकोशाने तो नोंदवला.

१९९७ चा फ्रँक ग्राइम्सचा भाग अनेकांना खटकला होता. ग्राइम्स हा कष्टाने वर आलेला नवा सहकारी; एका बोलिंग अड्ड्याच्या वर आणि दुसऱ्याच्या खाली असलेल्या खोलीत राहतो. होमर त्याला जेवायला बोलावतो. घर, दोन मोटारी, ताटात लॉब्स्टर पाहून पाहुण्याचा तोल जातो. अखेर होमरची नक्कल करताना तो उघड्या तारेला हात लावून मरतो आणि अंत्यविधीत होमर झोपेत बरळतो, त्यावर सगळे हसतात. इथे मालिकेने स्वतःवरच बोट ठेवले : आळशी माणसाला हे सगळे कसे परवडते? एका पगारात घर ही गोष्ट आजच्या तरुण प्रेक्षकाला तर एका भागातल्या होमरच्या अंतराळप्रवासाहून अचाट वाटेल.

भारतीय वाचकासाठी अपू नहासापीमापेटिलॉनचा उल्लेख आवश्यक आहे. हा क्विक-ई-मार्टचा दुकानदार; नाव सत्यजित राय यांच्या चित्रपटांतल्या अपूवरून आणि आवाज गोऱ्या हँक अझारिया यांचा. १९९६ च्या एका भागात तो नागरिकत्वाची परीक्षा देतो. अमेरिकन यादवी युद्धाचे कारण विचारल्यावर तो बारकाव्यांत शिरतो, तेव्हा परीक्षकच वैतागून म्हणतो, नुसते ‘गुलामगिरी’ म्हणा. अमेरिकन माणसापेक्षा अमेरिका जास्त वाचलेला हा स्थलांतरित सुरेख उतरला आहे. पण त्याच अपूचे ‘थँक यू, कम अगेन’ तिथल्या भारतीय वंशाच्या पोरांना चिडवायला वापरले गेले. हरी कोंडाबोलू या विनोदवीराने २०१७ मध्ये यावर माहितीपट केला. मालिकेने एप्रिल २०१८ मध्ये लीसाच्या तोंडून दिलेले उत्तर, की पूर्वी चालायचे ते आता चालत नाही, करणार काय, हे चक्क उडवाउडवीचे होते. इतरांची खोड काढणाऱ्यांना स्वतःची काढलेली सोसली नाही. २०२० मध्ये अझारिया यांनी अपूचा आवाज सोडला.

पहिल्या आठ-दहा हंगामांची धार पुढे राहिली नाही, यावर चाहत्यांत फारसे दुमत नाही. भागांची संख्या मात्र वाढतच गेली. २०१८ मध्ये ‘गनस्मोक’ या जुन्या वेस्टर्न मालिकेचा ६३५ भागांचा विक्रम मोडला. पात्रांचे वय वाढत नाही, त्यामुळे भूतकाळालाच पुढे सरकावे लागते. १९९१ च्या भागात होमर-मार्ज १९७४ साली शाळेत भेटले होते. २००८ च्या भागात त्यांचे प्रेमप्रकरण १९९० च्या दशकात गेले. घर, सोफा आणि मालक तेवढे तेच राहिले.