वाळवंट मारतं म्हणे!
मेक्सिकोतून ॲरिझोनात चालत जाणारे लोक उन्हाने मरतात, पाणी कमी नेलं ही त्यांचीच चूक, असं वर्षानुवर्षं ऐकतोय. अर्धवट आहे हे. आधी लोक सॅन डिएगो, एल पासोसारख्या सीमेवरच्या शहरांतून घुसायचे, मग १९९३-९४ मध्ये अमेरिकेने तिथे पहारा वाढवला आणि बॉर्डर पेट्रोल म्हणजे अमेरिकेच्या सीमा पोलिसांच्या १९९४ च्या प्लॅनमध्ये चक्क लिहिलं होतं की आता लोक अवघड भूभागाकडे वळतील. घाबरून येणं बंद होईल असा हिशोब, पण कुठलं काय, लोक ॲरिझोनाकडच्या सोनोरन वाळवंटात शिरले. आता पाण्याचं बघा, एक गॅलनचा कॅन भरला की पावणेचार किलोचा, उन्हात चमकून दिसू नये म्हणून बरेचजण काळा घेतात, आणि वाट कित्येक दिवसांची. दोन कॅन उचलले की दोन्ही हात संपले, पुरेल एवढं पाणी माणूस नेऊच शकत नाही ना! बॉर्डर पेट्रोलच्याच मोजणीत १९९८ पासून मेक्सिकोच्या सगळ्या सीमेवर मिळून ८,००० च्या वर मृत्यू, आणि ही मोजणीपण कमी पडते हे सरकारी तपासणीतच निघालंय. जून २०१९ मध्ये भारतातून आलेली सहा वर्षांची मुलगी ॲरिझोनाच्या वाळवंटातच वारली, आई तिला दुसऱ्या बाईजवळ ठेवून पाणी शोधायला गेली होती.