शालेय ग्रंथालय (सोलापूर)

शाळेने विद्यार्थ्यांसाठी व शिक्षकांसाठी जमवलेला पुस्तकांचा, नियतकालिकांचा संग्रह आणि तो मुलांच्या हाती पोहोचवण्याची व्यवस्था, या दोन्हींना मिळून शालेय ग्रंथालय म्हणतात. संग्रह बहुतेक शाळांत असतो. अडते ते व्यवस्थेपाशी.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वर्तमानपत्रे, मासिके व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे त्याची अनुसूची सांगते. ग्रंथपालाच्या पदाबद्दल मात्र ती काही बोलत नाही. त्यामुळे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत ग्रंथालय म्हणजे बहुधा एक लोखंडी कपाट किंवा पेटी, नाहीतर वर्गात दोरीवर पुस्तके टांगून केलेला वाचनकोपरा. मोठ्या पटाच्या माध्यमिक शाळांत पूर्णवेळ वा अर्धवेळ ग्रंथपाल असतो. इतरत्र एखाद्या बाईंकडे किंवा गुरुजींकडे हे काम वर्गाच्या जोडीला येते. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांना स्तरानुसार वर्षाला ५,००० ते २०,००० रुपयांचे ग्रंथालय अनुदान ठरवून दिलेले आहे.

सोलापुरात या व्यवस्थेपुढे एक वेगळा प्रश्न आहे, भाषेचा. शहराच्या पूर्व भागात हातमाग आणि पुढे यंत्रमागाच्या धंद्यामुळे तेलुगू बोलणारा पद्मशाली समाज पिढ्यान्‌पिढ्या राहतो. अक्कलकोट व दक्षिण सोलापूर हे तालुके कर्नाटकाला लागून असल्याने तिकडच्या अनेक घरांत कन्नड चालते. उर्दू माध्यमाच्या शाळाही आहेत. बालभारती (स्थापना १९६७) कन्नड, तेलुगू व उर्दूतही पाठ्यपुस्तके छापते, त्यामुळे त्या माध्यमांच्या शाळांची अभ्यासाची गरज भागते. अवांतर वाचनाची पुस्तके या भाषांत मिळवणे त्याहून कठीण. उलट, घरी तेलुगू बोलून मराठी शाळेत बसणाऱ्या मुलाला पाठ्यपुस्तकातली मराठी एकदम अंगावर येते. घरी शब्द विचारायला कोणी असतेच असे नाही. अशा मुलाला चित्रे मोठी, वाक्ये लहान आणि तेच शब्द फिरून फिरून येणारी गोष्टीची पुस्तके फार उपयोगी पडतात. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते. थोडे वाचू लागलेल्या मुलांसाठी ते चांगले, पण दुसरीतल्या मुलाला जड जाते. ग्रंथालयात पहिल्या पायरीची पुस्तके कमी आणि थोरांची चरित्रे जास्त, ही तक्रार रास्त आहे.

अभ्यासाला ग्रंथालयाची मदत होते ती मुख्यतः दोन वाटांनी. एक शब्दसंग्रहाची. पाठ्यपुस्तकात नवा शब्द एकदा-दोनदा भेटतो, गोष्टींत तो वेगवेगळ्या प्रसंगांत भेटत राहतो आणि न पाठ करता अंगवळणी पडतो. दुसरी पूर्वज्ञानाची. उजनी धरणावर एखादे चित्रमय पुस्तक चाळलेल्या मुलाला भूगोलातला जलसिंचनाचा धडा परका वाटत नाही. गणितातले शाब्दिक उदाहरणही आधी वाचता यावे लागते, मग सुटते. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ग्रंथपाल आणि संग्रह चांगला असलेल्या शाळांतील मुलांचे वाचनाचे गुण जास्त आढळले. हा परस्परसंबंध आहे, कार्यकारणाचा पक्का पुरावा नव्हे, एवढे ध्यानात ठेवावे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी (ता. माढा) येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडून धडे ऐकण्या-पाहण्याची सोय केली, २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. अशा सोयीने पुस्तकाला जोड मिळते. स्वतः निवडून वाचण्याची सवय लावायला मात्र पुस्तकेच हाताशी लागतात.

कपाटाला कुलूप का असते, याचे उत्तर बरेचदा रजिस्टरमध्ये सापडते. पुस्तक दाखल नोंदवहीत चढले की ते शाळेची मालमत्ता ठरते. गहाळ झाले तर जबाबदारी नोंद ठेवणाऱ्या शिक्षकावर येते. फाटलेली पुस्तके रीतसर निर्लेखित करायची, म्हणजे नोंदीतून काढून टाकायची, तर प्रस्ताव आणि मंजुरी आली. तपासणीला पुस्तके कोरी दिसलेली बरी, असे मग आपोआप वाटू लागते. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे प्रणेते एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी पहिलेच ‘पुस्तके वापरासाठी आहेत’ असे आहे. नोंदवहीचा कल नेमका उलटा. जेथे देवघेवीचे काम सातवी-आठवीतली मुलेच सांभाळतात आणि फाटणे हा वापराचा भाग मानला जातो, तेथे पुस्तके फिरतात. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन (राज्यात २०१५ पासून) सगळीकडे होतो. त्या दिवशी ओट्यावर मांडलेली पुस्तके दुसऱ्या दिवशी कुठे असतात, यावरून त्या शाळेचे ग्रंथालय ओळखता येते.

सोलापूरच्या उन्हाचाही यात वाटा आहे. कडक ऊन सुरू झाले की सकाळची शाळा भरते आणि मुलांची दुपार घरात मोकळी जाते. वाचायला एवढा सलग वेळ वर्षभरात पुन्हा मिळत नाही. शाळांची रीत मात्र अशी की वार्षिक मोजणीसाठी याच सुमारास पुस्तके परत मागवली जातात आणि कपाट जूनमध्ये उघडते.