पेंचच्या काठचं गाव आहे? मग आधी सामूहिक वनहक्काचा दावा टाका

नागपूर जिल्ह्यात पेंचच्या जंगलालगतचे, म्हणजे पारशिवनी, देवलापार, रामटेककडचे लोक भेटले की विचारतात, जंगलाला लागून मोहा, चारोळी, बांबू लावायचा आहे, कोणत्या योजनेत बसते. मी उलट एकच विचारतो, गावाचा सामूहिक वनहक्क मंजूर झाला का? आपल्या धुऱ्यावर लावलेलं झाड आपलं आहेच, पण ज्या जंगलातून आजा-पणजापासून मोहफुलं, तेंदूपान, बेहडा येऊन राहिला ते जंगल राखायचा, त्यात लागवड करायचा आणि माल विकायचा हक्क गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मिळतो. योजना दोन-चार वर्षांत बदलते, हा हक्क एकदा नोंदला की राहतो.

दावा कोणाला करता येते? एकट्या माणसाला नाही, ग्रामसभेला. गावात आदिवासी कुटुंबं असली, किंवा १३ डिसेंबर २००५ च्या आधी ७५ वर्षं म्हणजे तीन पिढ्या जंगलावर जगणारी दुसरी कुटुंबं असली, तरी चालते. पूर्ण गाव आदिवासी पाहिजे हा गैरसमज आहे, दाव्याच्या अर्जात, म्हणजे फॉर्म सी मध्येच लिहून आहे की अशी थोडी कुटुंबं असली तरी दाव्याला पुरेसं आहे. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानाची जमीन आहे म्हणून दावाच होत नाही असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका, कायद्यातल्या वनजमिनीच्या व्याख्येत दोन्ही येतात. झुडपी जंगलाचंही, म्हणजे सरकारी नोंदीत त्या नावानं असलेल्या खुरट्या झुडपांच्या जमिनीचंही तेच, मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं पूर्व विदर्भातलं झुडपी जंगल ही वनजमीनच आहे असं सांगितलं, त्यामुळे गावालगतचा तो पट्टा नकाशातून सोडू नका.

फॉर्म तीन आहेत. ए हा स्वतःच्या कसत्या वनजमिनीसाठी, बी हा चराई, मासेमारी, वनउपज अशा सामूहिक वापरासाठी आणि सी हा आख्खं जंगल राखायच्या, सांभाळायच्या हक्कासाठी. लागवड करायची तर सी पाहिजेच, सोबत बी पण भरून टाका. फी काहीच नाही.

सुरुवात ग्रामसभेपासून. १० ते १५ जणांची वनहक्क समिती निवडायची, त्यात एक तृतीयांश तरी बाया पाहिजेत आणि गावात आदिवासी असतील तर दोन तृतीयांश सदस्य आदिवासी. आणि कोरम, म्हणजे सभेला लागणारी कमीत कमी हजेरी, इथंच फाईल अडते. गावातले सगळे प्रौढ मोजून निम्मे हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. आम्ही एका गावात २१० मतदारांपैकी ११२ सह्या घेतल्या, खुश झालो, पण सभा ठेवली होती ऐन धानाच्या रोवणीत, बाया बांधीत चिखलात उभ्या, रजिस्टरवर त्यांच्या सह्या फक्त ३१ आणि लागत होत्या ३८. फाईल परत आली, पुन्हा सभा, तीन महिने गेले. तुम्ही सभा रोवणी आणि मोहफुलाचा हंगाम टाळून ठेवा, नाहीतर संध्याकाळी ठेवा.

आता पुरावे. कमीत कमी दोन लागतात. आपल्या भागात सगळ्यात जोरदार पुरावा म्हणजे निस्तार पत्रक. जुन्या मध्य प्रांतातल्या मालगुजारी, म्हणजे जमीनदारासारख्या मालगुजाराच्या ताब्यातल्या गावांमध्ये लोकांनी जळाऊ लाकूड कुठून आणायचं, ढोरं कुठं चारायची, बांबू-बल्ली कुठून घ्यायची हे त्यात खसरा नंबरसकट, म्हणजे जमिनीच्या सर्व्हे नंबरसकट लिहिलेलं असते. तहसील किंवा जिल्हा रेकॉर्ड रूममध्ये नकलेचा अर्ज द्या, सोबत वाजिब-उल-अर्जची, म्हणजे गावच्या जुन्या रूढी-हक्कांच्या नोंदीची नक्कल पण मागा. कागद पिवळा, घडीवर फाटलेला, अक्षर किरटं, पण त्यातली एक ओळ दहा प्रतिज्ञापत्रांना भारी पडते. दुसरा पुरावा गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब, कोणत्या नाल्यापलीकडं कोण जात होतं, देवस्थान कुठं, मसणवट कुठं, सगळं त्यांच्याच शब्दांत लिहा. सॅटेलाईट फोटो मिळाला तर जोडा, पण फोटो नाही म्हणून दावा फेटाळता येत नाही, तो पूरक पुरावा आहे. यासोबत ग्रामसभेच्या सदस्यांची यादी, जंगलाचा नकाशा, खसरा किंवा कंपार्टमेंट (वनविभागाचा कक्ष) नंबर आणि शेजारच्या गावांची नावं. शेजारच्या गावांसोबत सीमेवर आधीच बसून बोलून घ्या, हे राहून गेलं तर पुढं दोन गावांत भांडणं लागतात.

मग जागेवरची पडताळणी. वनविभाग आणि महसूलला लेखी नोटीस द्या, पोच घ्या, त्यांनी येऊन तारीख-हुद्द्यासह सही करायची असते. ते आले नाहीत आणि मग त्याच कारणावर आक्षेप घेतला तर फेरपडताळणी होते, आणि त्यालाही आले नाहीत तर ग्रामसभेचा निर्णय अंतिम. म्हणून पोचपावती जीवापाड जपा.

ग्रामसभेनं ठराव केला की फाईल एसडीओ, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांच्या उपविभागीय समितीकडं, तिथून कलेक्टर अध्यक्ष असलेल्या जिल्हा समितीकडं. दावा नामंजूर केला किंवा क्षेत्र कमी केलं तर कारण लेखी द्यावं लागते. उपविभागीय समितीचा निर्णय पटला नाही तर ६० दिवसांत जिल्हा समितीकडं जाता येते, ते दिवस कॅलेंडरवर मोजत राहा.

हक्क मिळाला की ग्रामसभेनं व्यवस्थापन समिती नेमून आराखडा करायचा, मोहा-चारोळी-बांबूची लागवड त्यातच लिहायची. बांबू कायद्यानं गौण वनउपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून मिळणारा जंगलाचा माल आहे, त्याचा वाहतूक परवाना ग्रामसभेचीच समिती देते. सागवान मात्र गौण वनउपजात येत नाही आणि शिकारीचा हक्क या कायद्यात नाही. आराखड्यात आणखी एक ओळ टाका, मोहाखालचा पाला जाळायचा नाही, झाडायचा. एका मोहाखाली लावलेली काडी वाऱ्यानं पूर्ण पहाडी जाळते, मोहाची, चारोळीची नवी रोपं त्यातच जातात.

फाईल देताना प्रत्येक पानावर नंबर टाका, पूर्ण संच झेरॉक्स करून ग्रामसभेजवळ ठेवा, आणि निस्तार पत्रकाची प्रमाणित नक्कल दोनदा काढा, एक फाईलला, एक गावाच्या पेटीत.