पार्श्वभूमी : विमानतळावरचं कस्टम्स आणि वाढती गर्दी

परदेशातून येणारे प्रवासी वाढले की विमानतळावर कस्टम्सची क्षमता वाढवा, अशी मागणी होते आणि सगळ्यांची नजर आधी जागेकडे जाते. दालन मोठं करा, काउंटर वाढवा. त्याची गरज असतेच. पण गेल्या शंभर वर्षांत मोठी कोंडी जेव्हा जेव्हा फुटली, तेव्हा ती कुणाला थांबवायचं नाही हे ठरवल्यामुळे फुटली, असं माझं मत आहे.

ऑगस्ट १९१९ मध्ये लंडन-पॅरिस अशी रोजची विमानसेवा सुरू झाली. पुढच्याच वर्षी क्रॉयडन हा लंडनचा कस्टम्स विमानतळ झाला. विमानात माणसं मोजकीच असायची. तपासणीची पद्धत थेट बंदरावरून उचललेली होती. प्रवाशाने बॅग टेबलावर ठेवून उघडायची, अधिकारी घड्या घातलेल्या कपड्यांखाली हात घालून चाचपणार, आणि सगळं ठीक असेल तर बॅगेवर खडूने खूण करणार. ती खूण दिसली की वाट मोकळी. प्रत्येक बॅग उघडायची, हा नियम दहा-बारा प्रवाशांपुरता चालून जात होता.

१९४४ च्या शिकागो करारात, म्हणजे आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीविषयीच्या करारात, कलम २२ आलं. सोपस्कारांपायी विमानं आणि प्रवासी विनाकारण अडकू नयेत, हे त्यात देशांनी मान्य केलं. १९४९ मध्ये त्यासाठी परिशिष्ट ९ तयार झालं. विमानातून उतरल्यापासून ४५ मिनिटांत नेहमीची सगळी तपासणी संपावी, हे उद्दिष्ट याच परिशिष्टातलं. ते बंधनकारक नाही, शिफारस आहे. तरीही आजची बहुतेक आखणी या आकड्याभोवतीच फिरते.

१९५२ मध्ये टोरांटोला वेगळाच प्रयोग झाला. अमेरिकेला निघालेल्या प्रवाशांची तपासणी अमेरिकी अधिकारी तिथेच, विमानात चढण्याआधी करू लागले. म्हणजे उतरण्याच्या ठिकाणची गर्दी निघण्याच्या ठिकाणी सरकली.

खरा दणका बसला जानेवारी १९७० मध्ये. बोइंग ७४७ न्यूयॉर्क-लंडन मार्गावर उडू लागलं आणि एकेका विमानातून साडेतीनशेच्या आसपास माणसं एकदम उतरू लागली. अशी दोन विमानं पाठोपाठ आली, तर प्रत्येक बॅग उघडून पाहणं निव्वळ अशक्य. याच सुमारास लाल आणि हिरव्या वाटेची पद्धत रुळली. जाहीर करण्यासारखं काही असेल तर लाल, नसेल तर हिरवी. मला तरी हा साऱ्या इतिहासातला सर्वात मोलाचा बदल वाटतो. हिरव्या वाटेने चालत जाणं हेच प्रवाशाचं जबाबदारीचं निवेदन ठरलं. ते खोटं निघालं तर कारवाई होणार. अधिकाऱ्याला सरसकट सगळ्यांच्या बॅगा उचकायची गरज उरली नाही. संशय येईल त्याला बाजूला घ्यायचं, बाकीच्यांना जाऊ द्यायचं. कस्टम्सच्या कार्यपद्धतींविषयीच्या १९९९ च्या सुधारित क्योटो करारातही या पद्धतीची शिफारस आहे. मेक्सिकोत तर अनेक वर्षं प्रवाशाने बटण दाबायचं आणि दिवा हिरवा लागला तर पुढे, लाल लागला तर तपासणी, अशी चिठ्ठी टाकल्यासारखी निवड होत असे.

१ जानेवारी १९९३ पासून युरोपीय समुदायाने (आजच्या युरोपीय संघाने) सदस्य देशांमधल्या प्रवासातली कस्टम्सची नेहमीची तपासणीच काढून टाकली.

दरम्यान कुणाला तपासायचं याची निवडही आणखी आधी होऊ लागली. १९८८ पासून अमेरिकेत विमान कंपन्या प्रवाशांची यादी आगाऊ पाठवू लागल्या. सुरुवातीला ते ऐच्छिक होतं, २००१ च्या हल्ल्यांनंतर सक्तीचं झालं. आता विमान हवेत असतानाच कुणाची बॅग पाहायची हे बरंचसं ठरलेलं असतं.

१९७० मध्ये देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय मिळून जगात सुमारे ३१ कोटी विमानप्रवासी होते. २०१९ मध्ये ते सुमारे ४५० कोटी झाले.

विस्ताराचा आराखडा करताना एक गोष्ट हमखास सुटते. बहुतेक विमानतळांवर उतरलेल्या प्रवाशाच्या वाटेत कस्टम्स सगळ्यात शेवटी येतं. आधी पासपोर्ट, मग सामानाचा पट्टा, मग कस्टम्स. पासपोर्टसाठी स्वयंचलित दारं बसवली की तिथली रांग आटते, पण तीच माणसं थकलेल्या मुलांना कडेवर घेऊन पट्ट्याभोवती ताटकळतात, आणि बॅगा आल्या की सगळी एकदम कस्टम्सच्या तोंडाशी येतात. तिथे क्ष-किरण यंत्र एकच असेल आणि बाजूला घेतलेल्या प्रवाशाची बॅग उघडायला वेगळी जागा नसेल, तर हिरवी वाटही तुंबते. म्हणून कस्टम्सचं दालन आखताना दिवसभराचे प्रवासी मोजून भागत नाही. सगळ्यात गर्दीच्या तासात किती विमानं उतरतात आणि त्या तासाला किती अधिकारी हजर असतात, ते मोजावं लागतं.