हरल्यानंतरची समिती : बेळगाव सीमाभागातील एका पक्षाची पार्श्वभूमी

१५ मे २०१८ रोजी कर्नाटक विधानसभेची मतमोजणी झाली, तेव्हा बेळगावसह मराठी सीमाभाग महाराष्ट्रात यावा यासाठी लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही उमेदवार निवडून आला नाही. पाच वर्षांपूर्वी जिंकलेल्या बेळगाव दक्षिण आणि खानापूर या दोन्ही जागा गेल्या. खानापुरातला पराभव अधिक बोचणारा होता, कारण तेथे समितीच्याच नावाने दोन उमेदवार उभे होते आणि त्या दोघांच्या मतांची बेरीज विजयी उमेदवाराच्या मतांहून जास्त भरत होती. मतदानाच्या दिवशी शाळेच्या फाटकापासून ठरावीक अंतरावर दोन टेबले, दोन्हींवर भगवे उपरणे घातलेली पोरे आणि समोर उभा राहून "ह्यातला आपला कुठला?" असे विचारणारा म्हातारा शेतकरी, हे दृश्य ज्याने पाहिले त्याला निकालाचे आश्चर्य वाटण्याचे कारण नव्हते.

निवडणूक हरलेला पक्ष पुन्हा कसा उभा राहतो, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा मोठ्या पक्षांच्या उदाहरणांवर चालते. १९७७ मध्ये सत्ता गमावलेल्या इंदिरा गांधी पुढच्याच वर्षी कर्नाटकातल्या चिकमंगळूरच्या पोटनिवडणुकीतून लोकसभेत परतल्या आणि १९८० मध्ये पुन्हा पंतप्रधान झाल्या. कर्नाटक विधानसभेत भाजप २०१३ मध्ये ४० जागांवर घसरला आणि २०१८ मध्ये १०४ वर पोचला. काँग्रेस २०१८ मधल्या ८० वरून २०२३ मध्ये १३५ वर गेली. ही उदाहरणे खरी असली तरी सीमाभागाला त्यांचा फारसा उपयोग नाही. मोठा पक्ष एका राज्यात हरला तर दुसऱ्या राज्यात किंवा दिल्लीत त्याचे काहीतरी शिल्लक असते. निधी असतो, चिन्ह असते आणि सरकारवर लोक वैतागले की समोर तयार पर्याय म्हणून त्याचे नाव असते. समितीजवळ यातले काहीही नाही. ती ज्या राज्याच्या विधानसभेत जागा मागते, त्या राज्यातून बाहेर पडणे हीच तिची मागणी आहे. त्यामुळे तिचे हरणे आणि सावरणे दोन्ही वेगळ्या हिशेबाने पाहावे लागते.

त्या हिशेबाची सुरुवात १९४६ पर्यंत मागे जाते. त्या वर्षी बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या मराठी साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. पुढे राज्य पुनर्रचनेत चंदगड तालुका वगळता बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून काढून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, घालण्याचे ठरले, त्याविरुद्ध जानेवारी १९५६ मध्ये लोक रस्त्यावर उतरले आणि गोळीबार झाला. १७ जानेवारी हा हुतात्मा दिन आणि पुनर्रचना अमलात आली तो १ नोव्हेंबर हा काळा दिवस या दोन तारखा तेव्हापासून सीमाभागाच्या दिनदर्शिकेत पक्क्या झाल्या. निवडणूक हे त्या काळी समितीच्या दृष्टीने सत्तेचे साधन नव्हते. लोकांचा कौल मोजून दाखवण्याचे ते साधन होते. १९६२ च्या म्हैसूर विधानसभेत समितीचे सहा आमदार होते आणि या सहा जणांनी कोणते खाते मिळवले असा प्रश्न तेव्हा कोणी विचारलाही नसेल.

सेनापती बापटांच्या उपोषणानंतर १९६६ मध्ये न्या. मेहरचंद महाजन यांचा आयोग नेमला गेला. १९६७ च्या अहवालात निपाणी, खानापूर आणि नंदगडसह २६४ गावे महाराष्ट्राला देण्याची शिफारस होती, मात्र बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवले होते. महाराष्ट्राने अहवाल नाकारला आणि प्रश्न जिथे होता तिथेच राहिला. त्यानंतरच्या काळात समितीला मत देणे हा अनेक घरांत राजकीय निर्णय उरला नाही, तो घरातला रिवाज झाला. १ जून १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातील गोळीबाराने आणि हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकाने तो रिवाज आणखी एका पिढीपुरता टिकवला. माझ्या मते समितीची पुढची अडचण इथेच रुजली. जे मत रिवाजाने पडते ते मागावे लागत नाही, आणि जे मत मागावे लागत नाही ते मागण्याची सवय मोडते.

१९९६ चा एक प्रसंग या संदर्भात सांगण्याजोगा आहे. देशाचे लक्ष वेधण्यासाठी समितीने त्या वर्षी बेळगाव लोकसभा मतदारसंघात शेकडो अर्ज भरायला लावले आणि एका जागेसाठी ४५६ उमेदवार रिंगणात राहिले. मतदान पुढे ढकलावे लागले, देशभर बातमी झाली आणि त्याच वर्षी लोकसभेच्या उमेदवारीची अनामत रक्कम सर्वसाधारण उमेदवारासाठी ५०० रुपयांवरून १०,००० रुपये करण्यात आली. निषेध म्हणून तो प्रयोग गाजला. निवडणूक म्हणून मात्र त्याने कार्यकर्त्याला काय शिकवले याचा विचार कमी झाला: अर्ज भरणे हेच काम, मते आणणे नव्हे. २०१९ मध्ये त्याची छोटी आवृत्ती निघाली, तेव्हा बेळगावात ५७ उमेदवार होते आणि प्रत्येक केंद्रावर चार मतदान यंत्रे मांडावी लागली. त्या यंत्रांवर मराठी मते डझनावारी नावांत विखुरली आणि कोणाच्याच हाती काही लागले नाही.

खरा धक्का २००८ मध्ये बसला. मतदारसंघांच्या फेररचनेत उचगाव मतदारसंघ नाहीसा झाला आणि शहराचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले. उचगाव आणि खानापूर हे समितीचे भरवशाचे मतदारसंघ. मनोहर किणेकर आणि दिगंबर पाटील तेथूनच विधानसभेत गेले होते. उचगावची सलग मराठी गावे बेळगाव ग्रामीण मतदारसंघात इतर गावांबरोबर मिसळली गेली. नव्या रचनेतील पहिल्याच निवडणुकीत समिती शून्यावर आली. नकाशामुळे हरलो असे म्हणण्याची सोय होती आणि ते काही अंशी खरेही होते. तरी खानापूरचा नकाशा उचगावसारखा पुसला गेला नव्हता आणि तेथेही भाजपचे प्रल्हाद रेमाणी निवडून आले होते.

या पराभवातून समिती पाच वर्षांत सावरली, आणि कशी सावरली हे नीट पाहण्यासारखे आहे. हा रस्ता बेंगळुरूतून गेला नाही, तो बेळगावच्या महापालिकेतून गेला. महापालिका हे समितीचे जुने ठाणे. २००५ मध्ये बेळगाव महाराष्ट्रात सामील करण्याचा ठराव पालिकेने केला, त्यावरून महापौर विजय मोरे यांच्या तोंडाला बेंगळुरूत काळे फासण्यात आले आणि पालिका बरखास्त झाली. २०११ मध्ये काळ्या दिनाच्या फेरीत महापौर मंदा बाळेकुंद्री सहभागी झाल्याचे निमित्त झाले आणि डिसेंबरमध्ये पालिका पुन्हा बरखास्त करण्यात आली. या बरखास्तीने समितीला प्रत्येक वॉर्डात जाण्याचे कारण दिले. मार्च २०१३ मध्ये पालिकेची निवडणूक झाली आणि ५८ पैकी निम्म्याहून अधिक जागा समितीच्या पाठिंब्यावरच्या उमेदवारांनी जिंकल्या. दोनच महिन्यांनी, मे महिन्यात, विधानसभेचे मतदान झाले. वॉर्डावॉर्डातल्या याद्या ताज्या होत्या, कोणत्या गल्लीतले कोण पुण्याला किंवा गोव्याला कामाला गेले आहे हे पोरांना तोंडपाठ होते आणि नुकताच निवडून आलेला नगरसेवक स्वतःच्या हौसेने फिरत होता. माजी महापौर संभाजी पाटील बेळगाव दक्षिणमधून आणि अरविंद पाटील खानापुरातून निवडून आले. भाजपचे माजी मुख्यमंत्री येडियुरप्पा यांनी वेगळा पक्ष काढल्याने भाजपची मते त्या वर्षी राज्यभर फुटली होती, ही बाबही विसरता येत नाही; पण फुटलेल्या मतांचा लाभ घेण्यासाठीसुद्धा आपली माणसे केंद्रावर बसलेली असावी लागतात.

समितीचे सावरणे खालच्या निवडणुकांवर अवलंबून असण्याला आणखी एक कारण आहे आणि ते बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. समितीचे उमेदवार अपक्ष म्हणून लढतात. चिन्ह अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर मिळते, म्हणजे हाती जेमतेम दोन आठवडे उरतात. यंत्रावर नाव मान्यताप्राप्त पक्षांच्या खाली येते आणि पाच वर्षांपूर्वीचे चिन्ह पुन्हा मिळेलच असे नाही. इतर पक्षांची मतदारांशी ओळख कमळ किंवा हात हे चिन्ह करून देते. समितीची ओळख माणसालाच दारोदार जाऊन करून द्यावी लागते: अनुक्रमांक इतका, चित्र अमुक. तालुक्यातला जुना कार्यकर्ता यासाठी वही ठेवत असे. गाव, केंद्र, घरे, मागच्या वेळी पडलेली मते, नाराज घर कोणते आणि ते का नाराज आहे, हे सगळे त्यात असे. ग्रामपंचायत, तालुका पंचायत, जिल्हा पंचायत, मग विधानसभा अशा क्रमाने वही भरत जाई. जिल्हा पंचायतीला ज्या गावात मते घटली त्या गावाच्या पंचांकडे विधानसभेच्या आधी जाऊन बसता येत असे.

२०१८ नंतर नेमक्या याच खालच्या पायऱ्या गायब झाल्या. महापालिकेची मुदत मार्च २०१९ मध्ये संपली आणि निवडणूक सप्टेंबर २०२१ मध्ये झाली. तालुका आणि जिल्हा पंचायतींची मुदत २०२१ मध्ये संपली, पण २०१६ नंतरची निवडणूक वर्षानुवर्षे लांबत गेली. मोठ्या पक्षांना याची झळ कमी बसली, कारण त्यांचे आमदार होते. विधानसभेत शून्य असलेल्या पक्षासाठी मात्र हीच सावरण्याची जागा होती. अर्थात सगळा दोष लांबलेल्या निवडणुकांवर ढकलणे सोयीचे आहे, न्याय्य नाही. शहर समिती, तालुका समिती आणि मध्यवर्ती समिती यांच्यातले गट मिटवायला कोणत्याही निवडणूक आयोगाची परवानगी लागत नव्हती.

मध्यंतरी एक संधी अचानक आली. केंद्रीय राज्यमंत्री सुरेश अंगडी यांचे सप्टेंबर २०२० मध्ये कोरोनाने निधन झाले आणि एप्रिल २०२१ मध्ये लोकसभेची पोटनिवडणूक लागली. समितीने युवा समितीतील शुभम शेळके या तरुणाला उभे केले. गट बाजूला ठेवून सगळे एका उमेदवारामागे आले, महाराष्ट्रातून शिवसेनेचे नेते प्रचाराला आले आणि शेळके यांना १,१७,१७४ मते पडली. भाजपच्या मंगला अंगडी यांनी काँग्रेसच्या सतीश जारकीहोळी यांचा अवघ्या ५,२४० मतांनी पराभव केला, हे लक्षात घेतले तर या लाखभर मतांचे वजन समजते. समितीचा उमेदवार हरला होता, तरी गावोगाव फटाके उडावेत अशी हवा होती.

ती हवा चार महिन्यांतच ओसरली. सप्टेंबर २०२१ च्या पालिका निवडणुकीत भाजप प्रथमच पक्षचिन्हावर उतरला आणि ५८ पैकी ३५ जागा घेऊन गेला. समितीच्या अधिकृत उमेदवारांना बोटांवर मोजण्याइतक्याच जागा मिळाल्या. मतदान यंत्रांविषयी तक्रारी झाल्या, अनेक वॉर्डांत समितीचेच दोन-दोन इच्छुक समोरासमोर होते ही गोष्ट मात्र तक्रारीत नव्हती. शिवाय भाजपने मराठी भाषिकांना मोठ्या संख्येने उमेदवारी दिली होती. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये महापौर झालेल्या शोभा सोमनाचे मराठी भाषिकच, पण भाजपच्या. मराठी माणूस निवडून येणे आणि समिती निवडून येणे या दोन गोष्टी सीमाभागात एकेकाळी एकच होत्या. आता त्या वेगळ्या झाल्या होत्या. गटाराचे, नळाचे आणि उताऱ्याचे काम जो करून देतो त्याला मत, आणि काळ्या दिनाच्या सायकल फेरीला धर्मवीर संभाजी उद्यानापासून मराठा मंदिरापर्यंत आपली हजेरी, अशी वाटणी कित्येक घरांनी मनाशी करून टाकली. त्यात त्यांना विसंगती दिसत नाही आणि त्यांना दोष देऊन काही साधतही नाही.

२०२३ च्या विधानसभेला समितीने निवड समित्या बसवून प्रत्येक मतदारसंघात एकच उमेदवार ठरवला. निकाल पुन्हा शून्य आला, पण हा शून्य २०१८ सारखा नव्हता. बेळगाव दक्षिणमध्ये रमाकांत कोंडुसकर भाजपच्या अभय पाटील यांच्याकडून सुमारे १२ हजार मतांनी हरले आणि दुसऱ्या क्रमांकावर राहिले. खानापुरात मात्र जुनी मते परतली नाहीत. २०१८ मध्ये दोन उमेदवारांत फुटलेली मते एका उमेदवाराच्या पदरात आपोआप पडतील, हा हिशेब तेथे पार चुकला. मधल्या काळात माजी आमदार अरविंद पाटील भाजपमध्ये गेले होते आणि त्यांच्याबरोबर गावागावातली काही माणसेही गेली होती. २०२४ च्या लोकसभेला समितीच्या उमेदवाराला २०२१ च्या लाखाच्या जवळपासही पोचता आले नाही.

दक्षिण आणि खानापूर यांच्यातला हा फरक समजून घ्यायचा तर निकालापेक्षा त्याआधीची वर्षे पाहावी लागतात. दक्षिणेत शहापूर, वडगाव, अनगोळ या भागांत गणेशोत्सव मंडळे आणि शिवजयंतीची चित्ररथ मंडळे वर्षभर जिवंत असतात आणि पालिकेत जागा नसली तरी माणसांचे येणे-जाणे तुटत नाही. खानापूर तालुका डोंगराळ, जंगलाचा, विखुरलेल्या वाड्यांचा. तेथे जिल्हा पंचायतीचा सदस्य हाच पक्षाचा चेहरा असतो. तो चेहरा निवडून देणारे मतदान २०१६ मध्ये झाले, आणि २०२३ ची विधानसभा आली तरी पुढचे झालेले नव्हते.