उधारी देण्याआधी: समोरच्या कंपनीचा ताळेबंद कसा वाचावा

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे हिशेबाचे काम देणाऱ्यांपैकी बरेच जण कुठल्या ना कुठल्या कंपनीला उधारीवर माल देतात. कुणी पल्पच्या कारखान्याला कॅनिंगचा आंबा घालतो, कुणाचा बर्फ मासळी प्रक्रियेच्या युनिटला जातो, कुणी लोट्याच्या किंवा कुडाळच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनची कामे घेतो, कुणाच्या गाड्या लागलेल्या असतात. उधारी किती द्यायची आणि किती दिवसांची, हे ठरते ओळखीवर. पार्टी जुनी आहे, मालक फोन उचलतो, "गणपतीच्या आधी करून टाकतो" म्हणतो आणि बहुतेकदा करतोही. हे पत्रक उरलेल्या वेळांसाठी आहे.

पैसे बुडाल्यावर कायदा काय देतो, ते आधी सांगतो, म्हणजे एवढी उठाठेव कशासाठी ते कळेल. दिवाळखोरी संहिता २०१६ सालची. तिच्याखाली कंपनीविरुद्ध राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात जायचे तर थकबाकी किमान १ कोटी रुपयांची लागते. मार्च २०२० पर्यंत ही मर्यादा १ लाख होती. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांना तो दरवाजा बंदच. दुसऱ्या कुणी कंपनीला तिथे नेले आणि ती मोडीत निघाली, तर आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची देणी आणि तारण असलेल्या बँका, मग इतर कर्मचारी, विनातारण कर्ज देणारे, सरकारी देणी, आणि त्यानंतर काही उरले तर माल पुरवणारे. आपला नंबर लागेपर्यंत तिजोरीत काय उरते, ते वेगळे सांगायला नको.

उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकांना आणि सेवा देणाऱ्यांना आणखी एक आधार आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे त्यांचे पैसे ४५ दिवसांच्या आत (लेखी करार नसेल तर १५ दिवसांत) मिळायला हवेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. पण नुसता व्यापार करणाऱ्याला आणि शेतीमाल पिकवणाऱ्या बागायतदाराला हे कलम लागू होत नाही. आंबा देणाऱ्याने तर माल गाडीत चढण्याआधीच विचार केलेला बरा.

कागद कुठे मिळतात

प्रायव्हेट लिमिटेड असो की पब्लिक, प्रत्येक कंपनीला आपला ताळेबंद दरवर्षी कंपनी निबंधकाकडे भरावा लागतो. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर १०० रुपये शुल्क भरून तो कुणालाही पाहता येतो. कंपनीने कोणत्या बँकेकडे काय तारण ठेवले आहे, त्याची यादीही तिथेच मिळते. निदान तीन वर्षांचे ताळेबंद घ्यावेत. एका वर्षाच्या आकड्यावरून आम्ही स्वतः कधी मत देत नाही.

२०२१-२२ पासून आणखी एक सोय झाली आहे. कंपन्यांना ताळेबंदासोबतच्या टिपांमध्ये अकरा गुणोत्तरे स्वतःच काढून छापावी लागतात, आणि एखादे गुणोत्तर मागच्या वर्षापेक्षा २५ टक्क्यांहून जास्त बदलले तर कारण द्यावे लागते. हे कारण आवर्जून वाचा. "व्यवसायातील सर्वसाधारण बदल" असे काही मोघम लिहिले असेल, तर लिहिणाऱ्याला सांगायचे नव्हते असे समजा. त्याच टिपांमध्ये पुरवठादारांची देणी किती जुनी आहेत त्याचा तक्ता असतो. त्यात सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी वेगळी दाखवलेली असतात. तुमच्यासारख्यांचे पैसे वर्षाहून जास्त अडकलेत का, ते तिथे एका नजरेत दिसते.

पार्टी मालकीची किंवा भागीदारी फर्म असेल तर यातले काहीच जाहीर नसते. अशा वेळी निदान जीएसटी पोर्टलवर त्यांचा जीएसटी क्रमांक टाकून विवरणे वेळेवर भरली जातात का ते पाहा. ते फुकट आहे. ३बी विवरण (ज्याच्यासोबत कर भरावा लागतो) दोन-तीन महिने तुंबले असेल, तर तिथे रोखीची ओढाताण चालू आहे असे आम्ही धरून चालतो.

आकडे बघायचे कसे

ही कंपनी कल्पित आहे, पण असे ताळेबंद आमच्या टेबलावर येतात. समजा, आंब्याचा पल्प करणारी एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. रकमा लाख रुपयांत, प्रत्येक वर्षीच्या ३१ मार्चच्या.

| | पहिले वर्ष | दुसरे वर्ष | तिसरे वर्ष |
|---|---|---|---|
| विक्री | ९०० | ९८० | १,००० |
| निव्वळ नफा | ३२ | ३५ | ३८ |
| गिऱ्हाइकांकडून येणी | १५० | २१० | ३३० |
| शिल्लक माल | १९० | २३० | ३२० |
| पुरवठादारांची देणी | ११० | १६५ | २२५ |
| एकूण कर्जे | ४९३ | ५५३ | ७०५ |
| चालू गुणोत्तर | १.४० | १.२४ | १.०७ |
| पुरवठादाराचे पैसे फेडण्याचे दिवस | ६७ | ९४ | १२६ |
| व्याज झेपण्याचे प्रमाण | १.८६ | १.८५ | १.७७ |

नफा दरवर्षी वाढतोय. मालक हाच आकडा दाखवील, आणि तो खोटा नाही. व्याज झेपण्याचे प्रमाण, म्हणजे व्याज आणि कर देण्याआधीचा नफा व्याजाच्या किती पट आहे, तेही जवळजवळ तिथेच आहे. एवढ्यावर थांबलात तर कंपनी ठणठणीत वाटेल.

आता चालू गुणोत्तर पाहा. वर्षभरात पैसा होईल अशी मालमत्ता भागिले वर्षभरात द्यायची देणी. तिसऱ्या वर्षी ७२० लाखांसमोर ६७० लाख उभे आहेत. त्या ७२० मधला ३२० लाखांचा माल गोदामात आहे. तो वगळला तर रुपयाच्या देण्यासमोर ६० पैसे उरतात. पुस्तके चालू गुणोत्तर २ असावे म्हणतात. आमच्या भागात सीसी लिमिटवर (बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जावर) चालणाऱ्या फार थोड्या कंपन्या तिथवर पोचतात, म्हणून आम्ही २ चा आग्रह धरत नाही. पण दोन वर्षांत १.४० वरून १.०७ ही घसरण मात्र सोडून देण्यासारखी नाही.

आणि इथे कोकणातल्या धंद्याचा हंगाम लक्षात घ्यावा लागतो. बाहेरच्या विश्लेषकाच्या नजरेतून तो सुटतो. ताळेबंद ३१ मार्चचा. कॅनिंगचा आंबा कारखान्यात येतो तो साधारण एप्रिलअखेरपासून जूनपर्यंत. म्हणजे मार्चअखेरीस पल्पच्या कारखान्याचे गोदाम रिकामे होत आलेले आणि बागायतदारांचा हिशेब चुकता झालेला असायला हवा. या कंपनीकडे त्या दिवशी ३२० लाखांचा माल आहे, म्हणजे मागच्या हंगामाचा पल्प विकला गेलेला नाही. आणि २२५ लाखांची देणी आहेत. डबे, ड्रम, साखर, गाडीभाडे यांचे काही असेलच. पण त्यातले जे आंब्याचे आहेत, ते नऊ-दहा महिने थकलेले आहेत. १२६ दिवस ही वर्षाची सरासरी झाली. बागायतदाराच्या वाट्याला त्याहून कितीतरी जास्त.

काजू प्रक्रियेचे उलटे असते. कच्ची बी फेब्रुवारी ते मे या काळात खरेदी होते, त्यामुळे त्यांच्या मार्चअखेरच्या ताळेबंदात माल आणि देणी दोन्ही फुगलेली दिसणे साहजिक आहे. त्यावरून घाबरू नका. मासळीच्या युनिटला जून-जुलैच्या मासेमारी बंदीचा फटका असतो. ते दोन महिने पगार कशातून झाले, हे मार्चच्या कागदावर दिसतच नाही. काजूची तुलना काजूशी करा, पल्पची पल्पशी.

नफा कागदावर, रोख कुठे?

छोट्या कंपन्यांना रोख प्रवाह पत्रक जोडण्याची सक्ती नाही. पण दोन वर्षांचे ताळेबंद समोर असले की ढोबळ आकडा काढता येतो. आपल्या कंपनीचा तिसऱ्या वर्षीचा व्याज आणि कराआधीचा नफा ११७ लाख. त्यात घसारा (यंत्रे-इमारतींची झीज) ३५ मिळवा, कारण तो खर्च खिशातून जात नाही. झाले १५२. येणी, माल वगैरे चालू मालमत्ता २१० ने वाढली, तेवढा पैसा तिथे अडकला, वजा करा. पुरवठादारांचे ६० जास्त थकवले, तेवढे हातात राहिले, मिळवा. कर १३ गेला. उरले उणे ११ लाख. दुसऱ्या वर्षी हाच आकडा अधिक ६७ होता.

३८ लाख नफा दाखवणाऱ्या कंपनीच्या धंद्यातून वर्षभरात एक रुपया सुटला नाही, उलट ११ लाख घालावे लागले. व्याजाचे ६६ लाख आणि नव्या यंत्रांचे ७५ लाख कुठून आले? कर्ज १५२ लाखांनी वाढले, तिथून. शिवाय पुरवठादारांचे ते ६० लाख थकवले नसते, तर खड्डा ७१ लाखांचा असता. म्हणजे बँकेबरोबर तुम्हीही या कंपनीला पैसे पुरवताय, फक्त बँकेकडे तारण आहे आणि तुमच्याकडे डिलिव्हरी चलन.

एकच गोष्ट पाहायला वेळ असेल तर आम्ही हीच पाहू. १९६६ मध्ये विल्यम बीव्हर या अमेरिकी अभ्यासकाने बुडालेल्या आणि तगलेल्या कंपन्यांची एकेक गुणोत्तरे ताडून पाहिली, तेव्हा सर्वांत आधी इशारा देणारे ठरले ते रोख प्रवाह आणि एकूण कर्ज यांचे प्रमाण.

सगळे मिळून एक आकडा

दोन वर्षांनी, १९६८ मध्ये, न्यूयॉर्क विद्यापीठाच्या एडवर्ड ऑल्टमन यांनी पाच गुणोत्तरे एकत्र गुंफून 'झेड-स्कोअर' काढला. त्यासाठी त्यांनी ६६ अमेरिकी उत्पादक कंपन्या घेतल्या: ३३ दिवाळखोर, ३३ धडधाकट. मूळ सूत्रात शेअरचा बाजारभाव लागतो. आपल्याकडच्या बहुतेक कंपन्यांचे शेअर बाजारात नसतात, त्यांच्यासाठी ऑल्टमन यांचेच सुधारित सूत्र आहे (खेळते भांडवल म्हणजे चालू मालमत्ता वजा चालू देणी):

०.७१७ × (खेळते भांडवल ÷ एकूण मालमत्ता) + ०.८४७ × (साठवलेला नफा ÷ एकूण मालमत्ता) + ३.१०७ × (व्याज व कराआधीचा नफा ÷ एकूण मालमत्ता) + ०.४२० × (मालकांचे भांडवल राखीव निधीसह ÷ एकूण देणी) + ०.९९८ × (विक्री ÷ एकूण मालमत्ता)

उत्तर २.९० च्या वर आले तर सुरक्षित, १.२३ च्या खाली आले तर संकट, मधला पट्टा संशयाचा. आपल्या कंपनीचे तिसऱ्या वर्षीचे आकडे: एकूण मालमत्ता १,१८० लाख, खेळते भांडवल ५०, साठवलेला नफा १५०, मालकांचे भांडवल राखीव निधीसह २५०, एकूण देणी ९३०. उत्तर येते १.४०. पहिल्या वर्षी ते १.८३ होते. दोन्ही वेळा कंपनी मधल्याच पट्ट्यात, पण काठाच्या दिशेने सरकलेली.

या आकड्याला फार डोक्यावर घेऊ नये. ऑल्टमन यांच्या मूळ नमुन्यातही दिवाळखोरीच्या एक वर्ष आधी ९५ टक्के कंपन्यांचे निदान बरोबर आले, दोन वर्षे आधी ७२ टक्क्यांचेच. शिवाय सूत्र कारखान्यांसाठी बांधलेले आहे. समुद्राकाठच्या रिसॉर्टची जमीन-इमारतच एवढी मोठी असते की विक्री भागिले मालमत्ता हे प्रमाण नेहमीच लहान येणार, आणि चांगले चाललेले हॉटेलही आजारी दिसणार.

आकडेच खोटे असतील तर

गुहागर तालुक्यातल्या लोकांना एन्रॉन वेगळी सांगावी लागत नाही. अंजनवेलचा दाभोळ वीज प्रकल्प जिने उभारला, ती मूळ अमेरिकी कंपनी २ डिसेंबर २००१ रोजी दिवाळखोरीत गेली. त्याच्या चारच दिवस आधीपर्यंत मानांकन संस्थांनी तिला गुंतवणुकीस योग्य ठरवले होते. तिची बरीच कर्जे ताळेबंदाबाहेरच्या उपकंपन्यांत ठेवलेली होती, त्यामुळे छापील आकड्यांवरून काढलेले कर्जाचे कुठलेही गुणोत्तर फसवेच होते. आपल्याकडे सत्यमने जानेवारी २००९ मध्ये कबूल केले की ताळेबंदातली ५,०४० कोटींची रोख आणि बँक शिल्लक अस्तित्वातच नव्हती.

म्हणून लेखापरीक्षकाचा अहवाल आधी वाचावा. कंपनी पुढे चालू राहण्याबद्दल त्यात अनिश्चितता नोंदवली असेल, तर गुणोत्तरे काढत बसण्याची गरजच नाही. लेखापरीक्षक मुदतीआधी राजीनामा देऊन गेला असेल तर का गेला, ते विचारा. बँक कर्जाचे मानांकन इंटरनेटवर फुकट मिळते. कंपनी माहिती देत नाही, "इश्युअर नॉट को-ऑपरेटिंग", असा शेरा तिथे असेल, तर तो आम्ही वाईट मानांकनाइतकाच गंभीर धरतो.

मग करायचे काय

संबंध तोडा असे आम्ही म्हणत नाही. वरच्या उदाहरणातली कंपनी उद्या बुडेलच असे नाही. साठलेला पल्प खपला तर वर्षभरात सावरेलही. पण तिला मागच्या वर्षीएवढी उधारी देऊ नये. प्रत्येक गाडीमागे निम्मे पैसे आगाऊ घ्यावेत, जुनी बाकी निघाल्याशिवाय नवा माल सोडू नये, आणि आपल्या एकूण विक्रीचा मोठा हिस्सा एकाच पार्टीकडे अडकू देऊ नये.

वेळेचाही हिशेब ठेवा. मार्चअखेरचा ताळेबंद संकेतस्थळावर यायला बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबर उजाडतो. म्हणजे एप्रिलमध्ये आंबा सुरू होताना तुमच्या हातात असतो तो वर्षभर जुना कागद. मधल्या काळासाठी तुमचीच खातेवही कामाला येते: आधी चाळीस दिवसांत येणारा चेक आता सत्तर दिवसांनी येतो का, पूर्ण बिलाऐवजी "ऑन अकाउंट" रकमा येऊ लागल्यात का, चेक थोडा थांबून टाकायला सांगतात का.

तपासणी हवी असेल तर कंपनीचे पूर्ण नाव किंवा सीआयएन (कंपनीचा नोंदणी) क्रमांक, तुमच्या बिलांची आणि मिळालेल्या पैशांची तारखांसह दोन वर्षांची यादी, आणि करार किंवा खरेदी आदेश असल्यास त्याची प्रत घेऊन कार्यालयात या. आंबा-काजूवाल्यांनी जानेवारीतच यावे. मार्चमध्ये आमच्याकडे वर्षअखेरची कामे असतात आणि तुमच्याकडे बागेची.