इम्युलेशनसाठी ओव्हरक्लॉकिंग

संगणकाचा प्रोसेसर कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. जुन्या कन्सोलचे गेम पीसीवर खेळणाऱ्यांना याची गरज विशेष भासते. प्लेस्टेशन २ चा मुख्य प्रोसेसर जेमतेम २९५ मेगाहर्ट्झचा. मग त्याच्यापुढे ४ गिगाहर्ट्झचा पीसी का दमतो? कारण पीसीएसएक्स२ सारख्या इम्युलेटरला, म्हणजे पीसीवर कन्सोलची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरला, त्या परक्या चिपच्या आज्ञा आपल्या प्रोसेसरच्या भाषेत उतरवाव्या लागतात, शिवाय ग्राफिक्स आणि आवाजाच्या चिपशी त्यांचा मेळही सांभाळावा लागतो. हे काम प्रोसेसरच्या अनेक कोरमध्ये, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळी कामे करणाऱ्या त्याच्या भागांत, फारसे वाटता येत नाही. म्हणून इथे सोळा कोरपेक्षा एकेका कोरचा वेग मोलाचा.

सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमसाठी १६.६७ मिलिसेकंद मिळतात. इम्युलेटरला १८ लागले की गेम ५५ फ्रेमवर येतो, पात्रे जड पावलांनी चालतात आणि गाणे मधेमधे तुटते. प्रोसेसर ४ वरून ४.४ गिगाहर्ट्झवर नेला तर तेच काम साधारण १६.४ मिलिसेकंदांत उरकते. एवढ्याशा फरकाने गेम खेळण्याजोगा होतो. मात्र आधी इम्युलेटरमधले रिझोल्यूशन कमी करून पाहावे; तेवढ्याने गेम पळू लागला तर अडचण ग्राफिक्स कार्डाची आहे, प्रोसेसरला हात लावू नये.

वेग हा मदरबोर्डकडून येणारा मूळ क्लॉक (जुन्या मशीनमध्ये 'बस'चा वेग) आणि त्याला ज्या आकड्याने गुणायचे तो मल्टिप्लायर यांचा गुणाकार असतो. १९९८ च्या सेलेरॉन ३००ए चा मल्टिप्लायर ४.५ वर कुलूपबंद होता, तरी बस ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेली की तो ४५० वर चाले. आता इंटेलचे 'के' अक्षराचे आणि एएमडीचे बहुतेक रायझेन प्रोसेसर मल्टिप्लायर खुला ठेवून येतात. मदरबोर्ड मात्र जोडीचा, म्हणजे ओव्हरक्लॉकिंग करू देणाऱ्या चिपसेटचा (बोर्डवरच्या नियंत्रक चिपचा) लागतो. ठाण्याहून लोकलने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर खरेदी करायची, तर चिपसेटचे नाव कागदावर लिहून न्यावे.

खरी कसोटी उष्णतेची. वेग १० टक्के वाढवताना व्होल्टेज १.२० वरून १.३० केले, तर उष्णता सुमारे २९ टक्क्यांनी वाढते, कारण ती वेगाच्या पटीत आणि शिवाय व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. प्रोसेसरवर बसवलेला पंख्याचा कूलर त्याला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. जानेवारीत २४ अंशांच्या खोलीत ८० वर टिकणारा प्रोसेसर मे महिन्यात ३४ अंशांच्या खोलीत ९० गाठतो. इंटेलचे बरेच प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास आपणहून वेग कमी करतात आणि मिळवलेले सगळे हातचे जाते. ठाण्याच्या वन बीएचकेत कॅबिनेट बहुधा टेबलाच्या बंद कप्प्यात, भिंतीला टेकून बसवलेले असते. मागून निघालेली गरम हवा तिथेच घुटमळते. खाडीच्या दमट हवेत धूळही कोरडी राहत नाही. कूलरच्या पट्ट्यांमध्ये तिचा काळपट नमदा बसतो, नुसत्या फुंकरीने निघत नाही, ब्रश फिरवावा लागतो. कॅबिनेट वीतभर पुढे ओढणे हा फुकटातला उत्तम उपाय आहे.

मशीन सुरू होतानाच्या बायॉस या सेटिंगच्या पडद्यावर मल्टिप्लायर एकेका पायरीने वाढवून प्रत्येक वेळी प्रोसेसरला तासभर पूर्ण ताण द्यावा. डिस्प्लेच आला नाही तर मशीन बंद करून, मदरबोर्डवरचा सीमॉस जंपर (साठवलेली सेटिंग पुसणारी छोटी पिन-जोडणी) वापरून मूळ सेटिंग परत आणता येते. चाचणी दुपारी, एसी बंद ठेवून घ्यावी. बायॉसमध्ये दोन प्रोफाइल साठवलेली बरी: एक थंडीचे, दुसरे मे आणि ऑक्टोबर हीटसाठी कमी व्होल्टेजचे.